मासळीच्या रिक्षेतला राजपुत्र

नेल्लिमारच्या देवळाच्या सभागृहात राजपुत्र वनवासाला निघाला होता, आणि नेमका त्याच वेळी कर्ण्यातून आवाज आला, "बांगडे, ताजे बांगडे, डोळे बघा कसे चमकतात."

राजपुत्र म्हणजे तिरुमलेश्वर मास्तर. वय शहात्तर. ताळमद्दळेत, म्हणजे बसून बोलायच्या यक्षगानात, ना मुकुट असतो, ना तोंडाला रंग. पांढरं धोतर नेसून, खांद्यावर शेला टाकून बसायचं. गाणाऱ्या भागवतांनी पद म्हटलं की त्याचा अर्थ आपल्या मनाने फुलवत न्यायचा आणि समोरच्याला नुसत्या बोलण्याने गारद करायचं. लिहिलेलं काही नसतं. त्या दिवशी धाकट्या भावाच्या जागी पुत्तूरचे एक वकील बसले होते. त्यांनी विचारलं, "बापाने चुकीचा शब्द दिला, तर तो मुलाने का पाळावा?" प्रश्न असा सणसणीत पडला की मागच्या रांगेत झोपलेले दोघे जागे झाले. मास्तरांनी तो प्रश्न एकदा स्वतःच्या तोंडाने उच्चारला, मग चष्मा काढला आणि शेल्याने पुसला. मास्तर चष्मा पुसायला लागले की मोठं उत्तर येणार हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत नसले की अंगठ्याने माइक बंद ठेवायची त्यांना सवय होती, तसा तो बंद होता. आणि त्या शांततेत हे बांगडे.

सभागृहात बावीस माणसं होती. एकही हसलं नाही, कारण देवळाचे विश्वस्त, मोक्तेसर मंजय्या शेट्टी पहिल्या रांगेत होते. कोपऱ्यात आपल्या यंत्रांपाशी बसलेल्या देजप्पाला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एकोणीस वर्षं या देवळाची साउंड सर्व्हिस त्याची होती. कर्णा कधी किंचाळला नव्हता, माइक कधी मेला नव्हता. आणि आता देवासमोर मासळी.

मास्तरांनी शेल्याला लावलेला माइक काढला, समोरच्या तबकात विड्याच्या पानांवर ठेवला आणि उठले.

"देजप्पा," ते म्हणाले, "तुझ्या पेटीत कोळीण बसली आहे. ती उठली की मला बोलाव."

आणि चालू लागले. देवळातलं जेवण न जेवता. त्या दिवशी फणसाच्या आठळ्यांची भाजी आणि पायस होतं, आणि मास्तर पायस सोडून गेले म्हणजे गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. देजप्पाला चौथीत पाढे मास्तरांनीच शिकवले होते. त्यानेही पानातलं पायस तसंच ठेवलं.

जेवणं झाल्यावर मोक्तेसरांनी त्याला खांबाआड बोलावलं.

"पुढच्या रविवारी हाच प्रसंग पुरा करायचा. मास्तरांना मी आणतो, पाया पडून आणतो. पण कर्ण्यातून माशाचा एक शब्द आला, देजप्पा, एक शब्द, तर तुझ्या पेट्या उचलायच्या आणि पुन्हा या पायऱ्या चढायच्या नाहीत."

"धनी, वायरचे जुने माइक लावू का? त्यात बाहेरचं काही शिरत नाही."

"वायरचे? आपल्या गावच्या सदाशिवने दुबईहून चार बिनतारी माइक पाठवले, पेटीवर आपल्या आईचं नाव कोरून. पुढच्या रविवारी तो बायकामुलांसह पहिल्या रांगेत बसणार. आणि त्याच्या आईचं नाव मी कपाटात ठेवू?"

सारा घोळ त्या आईच्या नावाने आलेल्या पेटीनेच सुरू केला होता. तीन रविवार झाले ती लावून. पहिल्या दोन रविवारी नुसती खरखर आली, ती देजप्पाने पावसावर ढकलली. आता बांगडा पावसावर कसा ढकलणार?

मंगळवारी मंगळुरूहून त्याने मागवलेलं यंत्र आलं. स्पेक्ट्रम अॅनालायझर असं त्याचं भारदस्त नाव. दिसायला मात्र तळहातावर मावेल एवढं, वर बोटभर अँटेना आणि समोर काचेचा छोटा पडदा. पडद्यावर खाली सतत गवत हलत असतं. हवेतून कुठे कुणी बिनतारी बोलत असेल, तर त्या जागी गवतातून एक काठी उभी राहते. जवळ गेलं की काठी वाढते, लांब गेलं की खुजी होते. बस्स, एवढंच. कोणतं गवत रिकामं आहे ते बघायचं आणि तिथे आपला माइक बसवायचा. देजप्पाला हे वाचून पाठ झालं होतं. लोकांना ते कळणं वेगळं.

यंत्र पुढे धरून तो रस्त्याने निघाला तेव्हा पहिल्यांदा कोरगप्प आडवा आला. आमच्या भागात नारळ तळहातावर आडवा धरून जमिनीतलं पाणी शोधणारे आहेत. नारळ उभा राहिला की तिथे विहीर. कोरगप्पाला वाटलं, नारळाच्या जागी आता हे आलं. त्याने देजप्पाला आपल्या पोफळीच्या बागेत ओढून नेलं. चार कोपरे फिरून झाल्यावर देजप्पा प्रामाणिकपणे म्हणाला, "इथे काही नाही." बोअर खणणारी गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. कोरगप्पाने तिला फोन करून नको म्हणून सांगितलं. देजप्पा पुष्कळ समजावत होता की मी हवेतलं बोलतोय, पाण्याचं नाही. "हवेत पाणी नाही हे मलाही कळतं," कोरगप्प म्हणाला, आणि विषय संपला.

देवळाची टेकडी उतरताना काठी वाढत गेली. खालच्या तिठ्यावर तर ती पडद्याच्या वरच्या कडेला टेकली. तिठ्यावर वडाखाली कल्याणी अक्काची मासळीची रिक्षा उभी होती. अक्का मोगवीर, म्हणजे आमच्याकडची कोळीण, साठीला आलेली, तोंडाने फटकळ. कानावरून गालापर्यंत आलेला माइक, कमरेला छोटी पेटी, रिक्षाच्या टपावर कर्णा. दोन्ही हात कोयत्याला मोकळे.

"अक्का, हे कधी घेतलंस?"

"महिना झाला. ओरडून ओरडून गळा बसतो. जावई म्हणाला, हे लाव. का, तुझ्याकडून नाही घेतलं म्हणून राग आला?"

"तुझा आवाज देवळात येतोय, अक्का. मास्तरांच्या कर्ण्यातून. रविवारी बांगडे आले."

अक्काने कोयता खाली ठेवला. देजप्पाला वाटलं, आता ही ओशाळेल.

"म्हणजे मीच ते उत्तर तोडलं," ती म्हणाली. "तरी लोक मला म्हणत होते."

"कुठलं उत्तर?"

"अरे, तुझे मास्तर माझ्या कर्ण्यातून बोलतात. तीन रविवार झाले. मी बोलायची थांबले, माइक बंद केला, की मास्तर सुरू. आधी मला वाटलं भूत शिरलं. मग पोरं म्हणाली, नको बंद करू, ऐकू दे. आता मासळी घेतली तरी कुणी घरी जात नाही. पिशव्या हातात धरून उभे राहतात. गेल्या रविवारी त्या धाकट्या भावाने विचारलं ना, बापाचा शब्द का पाळायचा? सगळे असे तोंडाकडे बघत उभे. माझ्या तोंडाकडे नव्हे, कर्ण्याच्या. तेवढ्यात बांगड्यांची नवी पाटी आली आणि मी माइक चालू केला. पुन्हा बंद केला तर मास्तर गायब. त्या दिवसापासून रोज इथे भांडणं. रिक्षावाला म्हणतो पाळू नये, बँकेतला शिपाई म्हणतो पाळावा. मास्तर काय म्हणाले, देजप्पा?"

"काही नाही म्हणाले. उठून घरी गेले."

"माझ्यामुळे?"

"तुझ्या बांगड्यांमुळे."

त्याने तिची पेटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. तिला एकच बटण होतं, चालू आणि बंद. बदलण्यासारखं काही नव्हतं. हलायचं तर देवळानेच हलायला हवं होतं. दुबईच्या पेटीला हवेतली जागा बदलायची सोय होती. देजप्पाला हायसं वाटलं. मास्तरांचे शब्द मासळीच्या रिक्षेतून जात होते हे मात्र कुणालाही सांगायचं नाही असं त्याने ठरवलं. देवळाच्या कर्ण्यातून मासळी आली तर मास्तर पायस सोडून गेले. मासळीच्या कर्ण्यातून आपण बोलत होतो हे कळलं तर गावच सोडतील.

शनिवारी सकाळी दहा वाजता, म्हणजे रविवारी बैठक सुरू होणार त्याच वेळेला, तो रिकाम्या सभागृहात यंत्र घेऊन फिरला. वेळ तीच हवी, हेही त्याने वाचलं होतं. पडदा असा स्वच्छ होता की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. कुठेही जा, गवतच गवत. ऐसपैस जागा निवडून त्याने चारही माइक तिथे बसवले, पेटीवरचं सदाशिवच्या आईचं नाव फडक्याने पुसलं, देवाला नमस्कार केला आणि देवळातच जेवला. त्या दिवशी गर्दी बरीच होती. त्याचं कारण त्याच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी साडेआठला सदाशिव आला. पांढरी पँट, हातात मोठं घड्याळ. देजप्पाने त्याला दाखवायला म्हणून यंत्र चालू केलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यावर पोफळीची बाग उभी होती. काठीला काठी लागून. त्याने निवडलेल्या ऐसपैस जागेत तर तीन उभ्या होत्या.

"छान आहे," सदाशिव म्हणाला. "हे सगळे आपलेच माइक का?"

"नाही," देजप्पा म्हणाला. "आपले अजून चालूच केले नाहीत."

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. काल संक्रमण होतं, दर महिन्याची संक्रांत. संक्रमणाला गावात कुणाची मासळी शिजते? अक्काची रिक्षा आली नव्हती, तिच्या दिराची आली नव्हती, मोटरसायकलवरून सुंगटं, म्हणजे कोळंबी, विकणारा आला नव्हता. सगळे आंघोळ करून देवळात जेवायला बसले होते, याच्याच पंगतीला. आणि आज रविवार, घरोघर मासळी. वर पलीकडच्या टेकडीवरच्या इगर्जीत फादरांची प्रार्थना सुरू. घड्याळातली वेळ त्याने बरोबर साधली होती, चुकला होता वार. एवढी साधी गोष्ट घरात बायकोला विचारली असती तरी कळली असती, आणि हे त्याला फार लागलं.

दीड तास हातात होता. देजप्पाने चप्पल काढली आणि सभागृहाचे कोपरे, गच्ची, मंचाची मागची बाजू, सगळीकडे वेड्यासारखा फिरला. मोक्तेसर तीनदा येऊन विचारून गेले, "सापडलं का?" तिसऱ्यांदा त्यांच्याबरोबर कोरगप्पही होता, आणि तो लोकांना सांगत होता की देवळाच्या जुन्या विहिरीलाही पाणी नाही म्हणे. दहाला पाच कमी असताना सुंगटंवाला आणि फादर यांच्या मधोमध एक बोळ सापडला. एक माणूस अंग चोरून जाईल एवढाच. बाकीच्या तिघांना देजप्पाने वायरचे माइक दिले आणि त्या बोळात एकट्या मास्तरांना बसवलं.

मास्तर आले. देजप्पाकडे त्यांनी पाहिलं नाही. शेल्याला माइक लावायला देजप्पा वाकला, तेव्हा मात्र हळूच म्हणाले, "उठली का?"

"उठली, मास्तर."

बैठक सुरू झाली. आवाज असा स्वच्छ की मास्तरांच्या शेल्याची सळसळही ऐकू यावी. बांगडा नाही, प्रार्थना नाही, सुंगटं नाहीत. मोक्तेसरांनी मान वळवून देजप्पाकडे पाहिलं आणि पापण्या मिटून उघडल्या. त्यांच्याकडून याहून जास्त कौतुक कुणाला मिळालेलं नव्हतं. देजप्पाचा जीव भांड्यात पडला.

फक्त मास्तर रंगत नव्हते. सभागृहात बावीसाचे एकोणीस झाले होते. सदाशिवने आईच्या नावाकडे एकदा समाधानाने पाहिलं आणि त्याचे डोळे मिटायला लागले. वकील पुन्हा त्या प्रश्नाकडे येत होते, पण मास्तर वाक्यं छाटून टाकत होते. दुकान लवकर बंद करायच्या घाईतल्या माणसासारखे. पूर्वी या गृहस्थांना ऐकायला लोक झाडांवर बसायचे, ते देजप्पाने लहानपणी त्याच झाडांवर बसून पाहिलं होतं. आज त्याला ते बघवत नव्हतं.

भागवत पद म्हणायला लागले तेवढ्यात खिडकीबाहेरून कुणी खडा मारला. देजप्पाने वाकून पाहिलं. कुंपणाबाहेर कल्याणी अक्का उभी होती, हात पदराला पुसत. तिच्या मागे तीस-पस्तीस माणसं, प्रत्येकाच्या हातात पिशवी.

"देजप्पा, आज मास्तर येत का नाहीत?" तिने खालच्या आवाजात विचारलं, पण अक्काचा खालचा आवाज म्हणजे दुसऱ्याचा ओरडण्याचा. "नऊपासून माइक बंद ठेवून बसलेय. नुसती खरखर. ही माणसं हलायला तयार नाहीत."

"अक्का, आत येऊन ऐका ना."

"हातात मासळी घेऊन देवळात? अक्कल कुठे ठेवलीस?"

भागवतांचं पद संपलं होतं. सभागृहात शांतता होती आणि त्या शांततेत हे सगळं सगळ्यांनी ऐकलं. मोक्तेसर उठून उभे राहिले. कर्ण्यातून नाही, तर खिडकीतून का होईना, माशाचा शब्द आला होता.

"देजप्पा," मास्तर मंचावरून म्हणाले, "कोण आहे ती? काय म्हणते?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. देजप्पा मंचापाशी गेला आणि चौथीतल्या पोरासारखा हात बांधून सगळं सांगितलं. मास्तरांचे शब्द तीन रविवार मासळीच्या रिक्षेतून जात होते. लोक उभे राहून ऐकत होते. गेला आठवडाभर तिठ्यावर त्या प्रश्नावरून भांडणं चालली होती. आणि आज त्याने यंत्र लावून ते सगळं साफ केलं होतं. "चूक माझी," तो म्हणाला. "तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही." मास्तरांच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

मास्तर मंचावर पुढे सरकले.

"किती माणसं असतात?"

"तीस-पस्तीस, मास्तर."

"झोपतात?"

"उभी असतात. उभ्याने कोण झोपणार?"

मास्तरांनी समोरच्या खुर्च्यांकडे पाहिलं. सदाशिव दचकून सरळ बसला.

"रिक्षावाला काय म्हणतो?"

"पाळू नये म्हणतो."

"कारण?"

ते देजप्पाला माहीत नव्हतं. खिडकीबाहेरून एक जाड आवाज आला, "बापाचा शब्द बापाकडे. माझ्या बापाने रिक्षा दोघांना कबूल केली होती, मी काय अर्धी अर्धी करून देऊ?"

मास्तरांच्या कपाळावरची शीर हलली. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी असं सरळ अडवलं नव्हतं. वकील अडवायचे ते ग्रंथांतले दाखले देऊन.

"देजप्पा, तुझं ते जुनं लाव. मासळीचं."

"मास्तर," मोक्तेसर पुढे झाले, "तिचंही सगळं इथे येईल. देवासमोर. हे मी चालू देणार नाही. आणि याला तर मी आधीच सांगून ठेवलंय, एक शब्द आला तर—"

"मंजय्या, याला पायऱ्या उतरायला लावलंस तर मी याच्यापाठोपाठ उतरेन. खाली वडाखाली बसायला जागा आहे, माणसंही आहेत." मास्तर हे रागाने बोलले नाहीत. "शब्द आला तर येऊ दे. समोरच्याचा शब्द ऐकून घ्यायचा, हीच तर आमची विद्या."

मोक्तेसर सदाशिवकडे वळले. माइक त्याचे, आई त्याची. सदाशिवने घसा साफ केला.

"आई तिथेच घ्यायची मासळी," तो म्हणाला. "याच अक्काकडून. तारल्यांवरून दोघी रोज भांडायच्या."

मोक्तेसर खाली बसले. देजप्पाने दुबईच्या पेटीवर आकडे फिरवले. गेला आठवडाभर ज्या काठीपासून पळत होता, तिच्याच जागी त्याने मास्तरांना नेऊन बसवलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर पडदा धूसर झाला तो यंत्रातल्या बिघाडाने नव्हे. बाहेरची माणसं धावत टेकडी उतरली. मास्तरांनी अंगठ्याने माइक चालू केला आणि विचारलं, "येतंय का?" खालून कुणीतरी शिट्टी मारली.

मग मास्तर बोलायला लागले. वकिलांकडे पाहून नव्हे, खिडकीकडे पाहून. "बापाचा शब्द बापाकडे म्हणतोस, भावा. बरं. बापाचं नाव तेवढं तुझ्याकडे कसं? त्याची पागा, त्याचे रथ, त्याच्या नावाने लोक घालतात तो मुजरा, ते घेताना विचारलं होतंस का, की यातलं माझं किती?" आवाज चढत गेला. त्यात जुना खर्ज परत आला, तो देजप्पाला छातीत ऐकू आला. वकील पुढे सरकून बसले, भागवतांनी टाळ मांडीवर ठेवले, मागच्या रांगेतले दोघे टक्क जागे होते. "शब्द काही गाय नव्हे, आवडली तर बांधली, नाही तर सोडून दिली. त्याने दिला तेव्हा मी त्याच्या घरात जेवत होतो. ज्या घरात जेवलो, त्या घराच्या शब्दाचं मी काय करणार, ऐक."

इथे मास्तरांनी चष्मा काढला, शेल्याने पुसायला घेतला आणि सवयीने अंगठा माइकवर गेला.

कर्ण्यातून कल्याणी अक्का बोलली. "मास्तर, जरा थांबता का? बँकेतल्या शिपायाच्या बायकोचा अंजल मासा कापायचा राहिलाय. कोयत्याच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि तिला ऐकायचंय."

मोक्तेसरांनी कपाळाला हात लावला. एकावन्न वर्षांत तिरुमलेश्वर मास्तर आपल्या वाक्याच्या मधोमध कुणासाठी थांबले नव्हते. एकदा मंगळुरूला मंत्री आले तेव्हाही नाही. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि थांबले. वकील थांबले. भागवत थांबले. भरल्या शांततेत कर्ण्यातून कोयत्याचे घाव येत राहिले, एक, दोन, तीन, चार, मग पाण्याचा शिडकावा, आणि एकाही माणसाने खुर्ची हलवली नाही.

"झालं, मास्तर," अक्का म्हणाली. "बोला."